कन्स्ट्रक्टरला वळसा घालू नका

जीसन ही जावासाठीची लायब्ररी गूगलने २००८ साली खुली केली. ज्या क्लासमध्ये आपल्याला बदल करता येत नाही, ज्याचा सोर्स कोडही आपल्या हाती नाही, अशा क्लासचे ऑब्जेक्टसुद्धा जेसॉनमधून तयार करून देणं हे तिच्या जाहीर उद्दिष्टांपैकी एक. आधी क्लासवर अ‍ॅनोटेशन लावा, मगच काम होईल, असं म्हणणारी साधनं तेव्हा बरीच होती. त्यांच्या तुलनेत ही मोठी सोय होती. पुण्या-मुंबईच्या सेवा कंपन्यांत तर कितीतरी क्लास क्लायंटने दिलेल्या जार फाइलमध्ये बंद असतात आणि त्यांना हात लावायची मुभा नसते. तिथे ही लायब्ररी लोकांना हवीहवीशी वाटली यात नवल नाही.

या सोयीतून पुढे एक मत रुजलं आणि माझा वाद त्या मताशी आहे. ते असं: क्लास परका असला म्हणून काय झालं? लायब्ररी रिफ्लेक्शनने त्याची फील्ड शोधते, जेसॉनमधली नावं जुळवते आणि किमती भरून टाकते. मग मध्ये आपला आणखी एक क्लास कशाला हवा? कन्स्ट्रक्टरला हाक मारणारा कोड हाताने का लिहायचा? हे म्हणणारी माणसं नवखी नाहीत. वेळेचं गणित त्यांना नीट कळतं. तरीही हे मत चुकीचं आहे. त्याने होणारं नुकसान फार उशिरा आणि भलत्याच ठिकाणी दिसतं, म्हणून ते इतकी वर्षं टिकून आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. जो क्लास आपला नाही, त्याचा ऑब्जेक्ट त्या क्लासने उघडपणे दिलेल्या कन्स्ट्रक्टरमधून किंवा फॅक्टरी मेथडमधूनच घडवला पाहिजे. जेसॉनमधला मजकूर त्याच्या खासगी फील्डमध्ये थेट ओतू नये. त्यासाठी मध्ये आपला एक छोटा क्लास आणि काही ओळींचा कन्व्हर्टर लिहावा लागला, तर तो लिहावा.

जावा ८ बरोबर २०१४ साली आलेला लोकलडेट हा क्लास घ्या. तो जावाच्या मुख्य भांडारातला आहे, तो बदलणं आपल्या हातात नाही. त्यात इयर, मंथ आणि डे अशी तीन खासगी फील्ड आहेत आणि तिन्ही फायनल आहेत. कन्स्ट्रक्टरही खासगी आहे. तारीख हवी असेल तर ती 'ऑफ' किंवा 'पार्स' या मेथडकडे मागायची. 'ऑफ'ला २०२३, २ आणि ३१ हे आकडे दिले, तर ती डेटटाइमएक्सेप्शन फेकते आणि फेब्रुवारी ३१ ही तारीख अवैध असल्याचं स्पष्ट सांगते.

आता हेच तीन आकडे जावा ८ वर, वेगळा अ‍ॅडॅप्टर न लावता, जीसनला जेसॉनमधून द्या. लोकलडेटला आर्ग्युमेंट नसलेला कन्स्ट्रक्टर नाही, म्हणून जीसन अनसेफ या जावाच्या अंतर्गत क्लासची मदत घेते. अनसेफ मेमरीत रिकामा ऑब्जेक्ट उभा करतो आणि त्यात कुठलाही कन्स्ट्रक्टर चालत नाही. मग रिफ्लेक्शनने फायनल फील्डमध्येसुद्धा आकडे भरले जातात. एक्सेप्शन येत नाही. लॉगमध्ये एक ओळही पडत नाही. हाती येतो ३१ फेब्रुवारी २०२३ या तारखेचा लोकलडेट.

हा ऑब्जेक्ट पुढे कसा वागतो ते पाहा. तो छापला तर २०२३-०२-३१ असं उमटतं. टूइपॉकडे या मेथडने त्याचे दिवस मोजले, तर ३ मार्चचा जो आकडा तोच येतो. पण इक्वल्सला विचारलं, तर ३ मार्च आणि ही तारीख वेगळी आहे असं उत्तर मिळतं. त्यात एक दिवस मिळवला की ४ मार्च होतो. ही तारीख कर्जाच्या हप्त्याची असेल तर व्याज ३ मार्चपर्यंतचं धरलं जाईल, पावतीवर ३१ फेब्रुवारी छापलं जाईल आणि ३ मार्चच्या तारखेने शोधलं तर हा हप्ता सापडणार नाही. शोधाशोध सुरू होईल तेव्हा व्याजाचा कोड निर्दोष निघेल, छपाईचा निर्दोष निघेल, शोधाचाही निर्दोष निघेल. दोष कित्येक थर मागे, जिथे जेसॉन आत घेतलं तिथे राहिलेला असेल.

लोकलडेटच्या कर्त्यांनी वापरणाऱ्यांना एक हमी दिलेली आहे: या क्लासचा ऑब्जेक्ट हातात असेल, तर ती तारीख कॅलेंडरमध्ये असणारच. या हमीवर विसंबूनच लोकलडेट घेणारी मेथड लिहिताना कुणी तारीख पुन्हा तपासत नाही. कन्स्ट्रक्टरला वळसा घालणारं साधन ही हमी मोडतं आणि मोडल्याचं कुणालाही कळवत नाही. तारखेचं उदाहरण सर्वांना लगेच कळतं म्हणून घेतलं, पण रक्कम, चलन, खाते क्रमांक, वजन-माप अशा प्रत्येक परक्या क्लासबाबत हेच घडू शकतं. ज्या क्लासमध्ये यादी किंवा लॉक फील्डच्या जागीच तयार होतं, त्याला अनसेफने उभं केलं की ती ओळही चालत नाही. यादीच्या जागी नल राहतो आणि कार्यक्रम कोसळतो तो त्या यादीत पहिली नोंद टाकताना.

यावर उत्तर मिळतं की ही जुन्या जावाची गोष्ट झाली. पण नव्या जावाने काय केलं तेही पाहायला हवं. २०१७ च्या जावा ९ मध्ये मॉड्यूल आले, तेव्हा अशा शिरकावावर फक्त इशारा छापला जाई. मार्च २०२१ च्या जावा १६ पासून तो अडवला जाऊ लागला आणि त्याच वर्षीच्या जावा १७ ने तो सरसकट मोकळा करायचा पर्यायच काढून टाकला. रेकॉर्डच्या बाबतीत तर फील्ड रिफ्लेक्शनने बदलणं जावाने मुळातच नाकारलं, म्हणून जीसनलाही २.१० या आवृत्तीपासून रेकॉर्ड घडवायला त्याचा कन्स्ट्रक्टरच वापरावा लागतो. जॅक्सन ही दुसरी मोठी लायब्ररी २.१२ पासूनच्या २.x आवृत्त्यांत लोकलडेट समोर आला की थांबते आणि त्यासाठीचं अधिकृत मॉड्यूल जोडा असं सांगते. जीसनने अनसेफ बंद करण्याची सोय २.९.० मध्ये दिली. परक्या क्लासच्या अंतर्भागावर रिफ्लेक्शनने विसंबू नका, त्यासाठी टाइपअ‍ॅडॅप्टर लिहा, असा सल्ला तिच्याच मार्गदर्शनात आज वाचायला मिळतो. ज्यांनी ही सोय दिली, तेच आता तिची मर्यादा सांगत आहेत. असं असताना जावा १७ वर अडलेला कोड चालावा म्हणून अ‍ॅड-ओपन्सचा स्विच लावून बंद केलेला रस्ता पुन्हा उघडणं आणि प्रश्न सुटला म्हणणं हा बेजबाबदारपणा आहे.

पुढचा मुद्दा नावांचा. रिफ्लेक्शनने भरलेल्या ऑब्जेक्टमध्ये परक्या क्लासच्या खासगी फील्डची नावं हाच आपल्या जेसॉनचा करार होऊन बसतो. खासगी फील्डचं नाव बदलायला त्या क्लासच्या मालकाने कुणाची परवानगी घ्यायची नसते. छोट्याशा दुरुस्तीच्या आवृत्तीतही तो ते बदलू शकतो आणि त्यात त्याची काही चूक नाही. मग आपल्याकडे काय होतं? अनोळखी किल्ली दिसली की जीसन ती मुकाट्याने सोडून देते, फील्डमध्ये नल किंवा शून्य राहतं आणि बिल्ड हिरवाच दिसतो. अँड्रॉइडवर तर यासाठी नवी आवृत्तीही लागत नाही. आर-एट हे साधन रिलीज बिल्डमध्ये फील्डची नावं आखूड करतं. योग्य नियम लिहिले नसतील, तर डेव्हलपरच्या फोनवर नीट चाललेलं अ‍ॅप ग्राहकाच्या फोनवर रिकाम्या किमती दाखवतं.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप जॅक्सनच्या बाजूने येतो आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. जॅक्सनमध्ये मिक्सइन आहे. आपण एक वेगळा अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास लिहितो, त्यात मूळ क्लाससारखाच कन्स्ट्रक्टर आणि त्याच्याच मेथड मांडतो, त्यांच्यावर अ‍ॅनोटेशन लावतो आणि जॅक्सनला सांगतो की ही अ‍ॅनोटेशन मूळ क्लासवरच आहेत असं धर. मूळ क्लासला हात लागत नाही. शिवाय जेसॉनक्रिएटर हे अ‍ॅनोटेशन कन्स्ट्रक्टरवर लावलं असेल, तर ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरमधूनच घडतो. हे सगळं खरं आहे. अनसेफच्या मार्गापेक्षा मिक्सइन कितीतरी बरं.

पण मिक्सइन आणि मूळ क्लास यांच्यातला दुवा फक्त नावांचा आणि सिग्नेचरचा असतो आणि कंपायलर तो तपासत नाही. समजा, पेमेंटच्या एखाद्या लायब्ररीत रकमेचा क्लास आहे आणि त्याचा कन्स्ट्रक्टर एक बिगडेसिमल आणि चलनाच्या कोडची स्ट्रिंग घेतो. पुढच्या आवृत्तीत स्ट्रिंगच्या जागी करन्सी हा टाइप येतो. मिक्सइनमधला कन्स्ट्रक्टर आता कशाशीच जुळत नाही. जॅक्सन तक्रार करत नाही, ते अ‍ॅनोटेशन नुसतं गळून पडतं. बिल्ड होतो, सर्व्हरवर चढतो आणि पहिला खरा संदेश आला की कोसळतो. त्या क्लासला रिकामा कन्स्ट्रक्टर आणि सेटरही असले, तर कोसळणारसुद्धा नाही. जॅक्सन त्या दुसऱ्या वाटेने ऑब्जेक्ट घडवेल आणि आपण ज्या तपासणीच्या भरवशावर होतो ती कधी झालीच नाही हे कळायला वेळ लागेल. जेसॉन बाहेर पाठवताना धोका आणखी मोठा आहे. खाते क्रमांक देणारा गेटर मिक्सइनने लपवला होता आणि लायब्ररीने त्या गेटरचं नाव बदललं, तर पुढच्या क्षणापासून खाते क्रमांक बाहेर जाऊ लागतो.

आपल्या कन्व्हर्टरमध्ये हीच रक्कम साध्या न्यू या शब्दाने घडवली असती, तर नवी आवृत्ती जोडताक्षणी त्या ओळीखाली लाल रेघ आली असती. चूक कळायची ती बिल्डच्या वेळी, आपल्याच मशीनवर, ती ओळ बदलणाऱ्यालाच. मिक्सइनवर माझा आक्षेप एवढाच आहे की तपासणीचं जे काम कंपायलर फुकटात करून देतो, ते आपण त्याच्याकडून काढून घेतो.

परक्या क्लासमध्ये जेसॉन थेट ओतण्याचा सर्वांत वाईट अनुभव सुरक्षेच्या बाबतीत आला. कुठल्या क्लासचा ऑब्जेक्ट घडवायचा हे जेसॉननेच सांगावं, अशी सोय जॅक्सनमध्ये डीफॉल्ट टायपिंग या नावाने होती. २०१७ च्या सीव्हीई-२०१७-७५२५ पासून तिच्यातली भगदाडं एकामागून एक उघड होत गेली. अशा हल्ल्यांच्या वर्णनांत जेडीबीसीरोसेटइम्पल हा जावाबरोबर येणारा क्लास वारंवार भेटतो. त्याच्या एका सेटरने डेटा सोर्सचा पत्ता भरायचा आणि ऑटोकमिट हा दुसरा सेटर चालवायचा. ऑटोकमिट बदलताना तो क्लास जोडणी करू पाहतो आणि हल्लेखोराने दिलेल्या पत्त्यावर जाऊन धडकतो. क्लास लिहिणाऱ्याने सेटर लिहिला तो आपल्याच कार्यक्रमातला कोड त्याला हाक मारेल या समजुतीने. बाहेरून आलेला मजकूर तो चालवेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. २०१९ साली जॅक्सनने २.१० मध्ये जुना मार्ग कालबाह्य ठरवला आणि नव्या मार्गात कोणते टाइप चालतील ते आधी सांगा अशी सक्ती आणली. यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे. जेसॉनसाठी न लिहिलेल्या क्लासच्या आत काय चालतं ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसलेल्या क्लासचे सेटर बाहेरच्या मजकुराच्या हाती द्यायचे नसतात.

आता नेहमीच्या आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप पुनरावृत्तीचा: परक्या क्लासमध्ये आहेत तीच फील्ड आपल्या क्लासमध्ये पुन्हा लिहायची, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणं. मला हे पटत नाही, कारण ती एक गोष्ट नाहीच. परका क्लास बदलतो त्याच्या मालकाच्या गरजेने. जेसॉन बदलतं ते पाठवणाऱ्याच्या गरजेने. दोघांची आज फील्ड सारखी दिसतात म्हणून त्यांना एकत्र बांधलं, तर दोघांपैकी कुणीही हललं की आपण कोलमडतो. शिवाय जेसॉनला तारीख कळत नाही आणि रक्कमही कळत नाही. स्ट्रिंग, संख्या, खरं-खोटं, नल, यादी आणि ऑब्जेक्ट एवढाच त्याचा संसार आहे. ०३/०४/२०२४ हा मजकूर आपल्याकडे ३ एप्रिल आहे आणि अमेरिकेत ४ मार्च. ९००७१९९२५४७४०९९१ च्या पलीकडचा पूर्णांक डबलमध्ये घेतला, तर शेवटचा अंक बदलू शकतो. याचा अर्थ काय लावायचा हे कुठेतरी, कुणीतरी ठरवावंच लागतं. मधला छोटा क्लास आणि कन्व्हर्टर ही ते ठरवून लिहून ठेवण्याची जागा आहे. ती जागा काढून टाकली तरी निर्णय होतच राहतात, फक्त ते कुणी वाचू शकत नाही.

दुसरा आक्षेप असा की टेस्ट लिहिल्या की हे सगळं पकडता येतं. कुठल्या टेस्ट? या कामासाठी बहुतेक वेळा लिहिली जाते ती ऑब्जेक्टचं जेसॉन करून पुन्हा ऑब्जेक्ट करण्याची आणि दोन्ही समान आहेत का ते पाहण्याची. वरचा ३१ फेब्रुवारी या टेस्टमधून सुखरूप पार पडतो. तीन आकडे बाहेर जातात, तेच तीन परत येतात, इक्वल्स होकार देते. जाण्याची आणि येण्याची वाट सारखी आहे एवढंच या टेस्टने कळतं. आलेला ऑब्जेक्ट क्लासच्या नियमांत बसतो का, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

तिसरा आक्षेप विश्वासाचा: डेटा आपल्याच दुसऱ्या सर्व्हिसकडून येतो, मग इतकी शंका कशाला? कारण आपली सर्व्हिस म्हणजे तिच्या आजवरच्या सगळ्या आवृत्त्या. रांगेत अडकलेले जुने संदेश, डेटाबेसच्या कॉलममध्ये जेसॉन म्हणून ठेवलेल्या जुन्या नोंदी, कुणीतरी हाताने दुरुस्त केलेली एखादी ओळ, हे सगळं आजच्या क्लासमध्ये येऊन पडतं. ज्याने ते लिहिलं तो कोड आता अस्तित्वातही नसतो. तपासणीची गरज तिथेच सर्वांत जास्त असते.

वेगाचा आक्षेप मी फार लांबवत नाही. मधला ऑब्जेक्ट क्षणभर जगतो आणि जातो. नेटवर्कवरून मजकूर येण्याच्या आणि तो पार्स होण्याच्या वेळेपुढे त्याचा खर्च बहुतेक ठिकाणी मोजण्याइतकाही नसतो. जिथे तो खरोखर खुपतो, तिथे मोजून दाखवावं आणि टाइपअ‍ॅडॅप्टर लिहून मजकुरातून थेट कन्स्ट्रक्टरपर्यंत जावं. मधला क्लास वाचेल आणि कन्स्ट्रक्टरही चुकणार नाही.

संख्येचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. परक्या लायब्ररीत असे शेकडो क्लास असतील आणि ते नुसतेच डेटा वाहणारे, उघड कन्स्ट्रक्टर असलेले, अंगी काही नियम नसलेले असतील, तर प्रत्येकासाठी हाताने जुळा क्लास लिहिण्याचा आग्रह मी धरणार नाही. तिथे मॅपस्ट्रक्टसारखं साधन वापरावं. ते बिल्डच्या वेळी साधा जावा कोड लिहून देतं, म्हणजे कंपायलरची नजर कायम राहते. लायब्ररीच्या कर्त्यांनीच जेसॉनसाठी मॉड्यूल दिलं असेल, तर आपलं काही लिहूच नये, त्यांचंच वापरावं. आणि एका दुपारपुरत्या प्रयोगासाठी कुणी जीसनला फील्ड भरू दिली, तर माझी हरकत नाही, तो कोड पुढे मुख्य शाखेत जाणार नसेल तर.

ही केवळ जावावाल्यांची काळजी नाही, हे रस्ट भाषेकडे पाहिलं की कळतं. परका ट्रेट परक्या टाइपवर लावायला रस्टचा कंपायलर साफ मनाई करतो. सर्डे या लायब्ररीने त्यावर काढलेला मार्ग असा: परक्या टाइपची व्याख्या आपल्या नावाने पुन्हा लिहा, तिला रिमोट म्हणून जोडा आणि फील्ड खासगी असतील तर आपल्या व्याख्येपासून मूळ टाइप घडवणारं रूपांतरही स्वतः लिहा. त्या रूपांतरात मूळ टाइपचं उघड न्यू फंक्शन वापरायचं असतं. मूळ टाइप बदलला की कंपायलर अडतो. इथे मी ज्याची शिफारस करतो आहे, त्याचाच हा नमुना आहे. जी भाषा मागच्या दाराने आत जाऊच देत नाही, तिच्यात शहाणी माणसं विचाराअंती याच रस्त्याला आली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

मग करायचं काय? आपल्या प्रकल्पात जिथे जिथे परक्या क्लासचं नाव जीसनच्या फ्रॉमजेसॉनला किंवा जॅक्सनच्या रीडव्हॅल्यूला दिलं आहे, त्या ओळी शोधा. आपल्या क्लासच्या पोटात दडलेली परकी फील्डही त्यात धरा, कारण चूक बहुधा तिथेच असते. सुरुवात तारखा आणि रकमांपासून करा. मजकूर जसा येतो तसा घेणारा आपला क्लास ठेवा: तारीख स्ट्रिंग म्हणून, रक्कमही स्ट्रिंग म्हणून. मग एका मेथडमध्ये अर्थ लावा, परक्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरला हाक मारा आणि त्याने नकार दिला तर कुठल्या नोंदीतलं कुठलं फील्ड चुकलं हे एक्सेप्शनमध्ये लिहून ती नोंद तिथेच थांबवा. टेस्टमध्ये नीट मजकुराबरोबर मोडका मजकूरही द्या, ३१ फेब्रुवारी द्या, उणे रक्कम द्या, गाळलेलं चलन द्या, आणि ऑब्जेक्ट घडत नाही हे पाहा. जीसन वापरत असाल तर अनसेफ आजच बंद करा. त्याने काही टेस्ट लाल होतील. त्यातली प्रत्येक लाल टेस्ट म्हणजे आजवर कन्स्ट्रक्टर न चालताच घडत आलेला एखादा ऑब्जेक्ट असेल, आणि तो ग्राहकाच्या पावतीवर सापडण्यापेक्षा आपल्या बिल्डमध्ये सापडलेला केव्हाही चांगला.